तीनशेचे पैसे, नव्वदचा स्पीड : प्लॅन वाढवावा का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी.

नाशिकला आमचं दोन मजली रो-हाउस आहे. फायबरचं कनेक्शन, ३०० एमबीपीएसचा प्लॅन. नवरा घरून काम करतो, संध्याकाळी सात-साडेसातनंतर त्याचे अमेरिकेतल्या लोकांशी कॉल सुरू होतात. लेक इंजिनिअरिंगला आहे, तिचं लॅपटॉपवर काही ना काही चालूच असतं. सासूबाई वरच्या खोलीत टीव्हीवर यूट्यूब लावून कीर्तन ऐकतात. गेटवर आणि मागच्या दारी मिळून चार कॅमेरे.

तक्रार अशी की हॉलमध्ये राउटरच्या पुढ्यात बसून मोजलं तर ९० ते ९३ येतात. सकाळी मोजा, रात्री मोजा, त्याच्या वर काही जात नाही. वरच्या मजल्यावर १०-१५, बेडरूमचं दार लावलं की त्याहून कमी. संध्याकाळी नवऱ्याचा कॉल मध्येच थिजतो, मग "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" सुरू.

कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने मोबाईलवर काहीतरी दाखवलं, "मॅडम, आमच्याकडून बरोबर येतंय" म्हणाला आणि जाता जाता ५०० चा प्लॅन घ्या असं सुचवलं. पैसे द्यायला हरकत नाही, पण फरक पडणार असेल तरच. घ्यावा का?

रचना सांगते: फायबरचा डबा जिन्याखाली मीटरजवळ. तिथून वायर फॉल्स सीलिंगमधून हॉलमधल्या आमच्या स्वतःच्या राउटरला. राउटर टीव्हीच्या कपाटात.

बंड्या सातारकर

पहिला!

कपाटाचं दार उघडं ठेवा. राउटरलाही कीर्तन ऐकायचं असेल.

चक्रमादित्य

घेऊन टाका ५०० चा. जाहिरातीतला आकडा हा 'पर्यंत' असतो, प्रत्यक्षात तिसरा हिस्सा मिळतो. तीनशेत नव्वद, पाचशेत दीडशे. साधं त्रैराशिक आहे.

मस्कतकर

एक प्राथमिक गोष्ट, बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल डाउनलोड होताना दिसतो तो आकडा मेगाबाइटचा. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे ३०० चा प्लॅन पूर्ण मिळाला तरी डाउनलोडच्या खिडकीत सदतीसच्या आसपासच दिसणार. तुम्ही ९३ कुठे बघितलेत?

गोदाकाठची

@मस्कतकर, स्पीड टेस्टच्या साइटवर, एमबीपीएसमध्येच. लेकीने खात्री केली.

तारतम्य

@चक्रमादित्य, तुमचं त्रैराशिक इथे लागू होत नाही. 'तिसरा हिस्सा' मिळत असता तर आकडा वर-खाली झाला असता. सकाळी १४०, रात्री ६०, असा. धागाकर्तीचा आकडा नव्वद-त्र्याण्णवला खिळून बसलाय. हे गर्दीचं लक्षण नाही, वायफायच्या कमजोरीचंही नाही. मधली कुठलीतरी कडी १०० ची आहे.

जरा सविस्तर लिहितो. लॅनच्या, म्हणजे राउटरला जोडतात त्या, वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. जुन्या पद्धतीच्या १०० एमबीपीएसच्या जोडणीला यातल्या फक्त चार तारा लागतात, कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. दोन्ही टोकांची यंत्रं जोडताक्षणी आपापसात ठरवतात की किती वेगाने बोलायचं. आठांपैकी एखादी तार तुटली असेल, क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) नीट झालं नसेल, नाहीतर एखाद्या यंत्राचा पोर्टच १०० चा असेल, तर ती गुपचूप १०० वर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, इंटरनेट चालू राहतं. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते; १०० मधून त्या पाकिटांवरच्या पत्त्याबित्त्याचा भार वजा केला की मोजणीत ९०-९५ च्या दरम्यान उरतात.

म्हणून आधी प्लॅनला हात लावू नका. पाचशेचा घेतलात तरी ९३ च येतील, हजाराचा घेतलात तरी ९३.

काय करा: लॅपटॉपला लॅनचा पोर्ट असेल तर एक चांगली छोटी वायर घेऊन थेट जिन्याखालच्या डब्याला लावा आणि मोजा. (मधला राउटर काढल्यावर काही कनेक्शनमध्ये लॉगिन डब्यात असतं, काहींत राउटरमध्ये. इंटरनेट आलं नाही तरी घाबरू नका. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतोय की १०००/१००० एवढं बघितलं तरी पुष्कळ.) मग तीच छोटी वायर राउटरला लावून पुन्हा बघा. वेग कुठे पडतो ते कळेल.

राउटरचं मॉडेल सांगा. स्वस्त राउटरवर मोठ्या अक्षरांत 'बाराशे' वगैरे लिहिलेलं असतं, ती वायफायच्या दोन्ही पट्ट्यांच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वेगांची बेरीज. खाली पोर्ट मात्र १०० चे.

बंड्या सातारकर

म्हणजे समृद्धीवरून सुसाट इगतपुरीला उतरायचं आणि पुढे गल्लीत दोन टेम्पो समोरासमोर.

कोथरूडची पेशवीण

+१ तारतम्य. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं, फक्त राउटरचा पोर्ट १०० चा होता. वायफाय ५ चा नवा राउटर म्हणून दुकानदाराने गळ्यात मारला, खोक्यावर सहा अँटेना, पोर्ट मात्र जुनेच. अँटेना मोजून राउटर घेऊ नये एवढी अक्कल त्या खरेदीतून आली.

शुभा ठाणे

डीएनएस बदलून बघा ना. ८.८.८.८ नाहीतर १.१.१.१ टाका. माझ्या भाच्याने टाकून दिलं, पानं पटापट उघडायला लागली. शिवाय मोबाईलवर 'नेट बूस्टर' अ‍ॅप आहे, ते कसं आहे? कुणी वापरलंय?

तारतम्य

@शुभाताई, भाच्याने केलं ते चूक नाही. डीएनएसचं काम एवढंच की साइटचं नाव दिलं की तिचा आकड्यांतला पत्ता शोधून द्यायचा. कंपनीचा डीएनएस मंद असेल तर पान उघडण्याआधीचा रेंगाळा कमी होतो. तो तुम्हाला जाणवला, आणि खराच जाणवला. पण एकदा डाउनलोड सुरू झालं की डीएनएसचा संबंध संपला. ९३ चे ३०० त्याने होणार नाहीत.

बूस्टर अ‍ॅप काढून टाका. मोबाईलमधलं कुठलंही अ‍ॅप बाहेरून येणारा वेग वाढवू शकत नाही. जाहिराती दाखवतं आणि फोनमधली माहिती चाळतं.

नानासाहेब ६२

तुमच्या ९३ च्या तक्रारी वाचून गंमत वाटते. १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी व्हीएसएनएल कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो. ऑफिसात एक मोडेम होता, त्याच्या किंकाळ्या ऐकू आल्या की सगळे टेबलाभोवती गोळा व्हायचे. पुढे घरी ५६ केचा (केबीपीएसचा; हजार के म्हणजे एक एमबीपीएस) मोडेम आला. फोटो वरून खाली ओळी-ओळीने उतरायचा, कपाळ दिसल्यावर चेहऱ्याचा अंदाज बांधायचा. तेवढ्यात सौ.ने माहेरी फोन लावण्यासाठी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात.

सरकारच्या लेखी ब्रॉडबँड कशाला म्हणायचं तेही बघा. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ५१२. २ एमबीपीएसची व्याख्या यायला २०२३ उजाडलं. म्हणजे सौ. गोदाकाठची यांच्या वरच्या बेडरूममध्ये दार लावूनही सरकारमान्य ब्रॉडबँडच आहे.

बंड्या सातारकर

नाना, ठ्ठो!

कंपनीच्या माणसाला हा प्रतिसाद दाखवू नका, पुढच्या वेळी तोंडपाठ करून येईल.

केबलवाल्याचा भाऊ

आता आमच्या बाजूनेही कुणीतरी बोललं पाहिजे. नगर जिल्ह्यात आमचा लहानसा केबल-इंटरनेटचा धंदा आहे. भाऊ बघतो, मी हिशेब आणि शिव्या सांभाळतो.

येणारा माणूस मोबाईलवर दाखवतो ते बहुतेक वेळा ऑप्टिकल पॉवर असते. डब्यापर्यंत प्रकाश किती पोचतो त्याचं माप, उणे आकड्यात. उणे १८, उणे २० म्हणजे झकास. उणे २५ च्या पुढे गेलं की काळजी, उणे २७ म्हणजे डबा आंधळा व्हायच्या बेतात. डब्यावर एलओएसचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही. तर तो माणूस "आमच्याकडून बरोबर येतंय" म्हणाला ते खोटं नसावं. त्याची हद्द डब्यापाशी संपते. तुमच्या सीलिंगमधल्या वायरीला तो हात लावणार नाही, कारण एकदा हात लावला की पुढच्या प्रत्येक भानगडीला तोच जबाबदार. पण पाचशेचा प्लॅन सुचवायला नको होता, ते मान्य. त्याला त्याचं टार्गेट असतं.

पॉवर पडते ती बहुतेक घरातच. सुताराने कपाट भिंतीला टेकवताना फायबर चेपली, कुणी खिळ्याला गुंडाळून ठेवली, झाडू मारताना पिळली. काच आहे आत. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवली की प्रकाश गळायला लागतो. टोकाला हिरवा कनेक्टर असेल तर हिरव्यातच, निळा असेल तर निळ्यातच. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्यात खुपसलं तर बसतं पण पॉवर खाली येते. लोक अ‍ॅमेझॉनवरून पॅचकॉर्ड (फायबरची छोटी वायर) मागवतात आणि रंग न बघता लावतात.

चक्रमादित्य

@केबलवाल्याचा भाऊ, सगळं ग्राहकाच्या घरातच बिघडतं होय? मग संध्याकाळी आठला संपूर्ण कॉलनीचं नेट एकदम का झोपतं? सगळ्यांच्या घरी एकाच वेळी सुतार येतो का?

केबलवाल्याचा भाऊ

@चक्रमादित्य, रास्त प्रश्न. उत्तर देतो, भाऊ वाचत नाहीये तोवर.

एका फायबरवर प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात. त्या सगळ्यांत मिळून खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस. ६४ घरांना ३०० चे प्लॅन विकले तर कागदावर १९ जीबीपीएस होतात. पण सगळे एका क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून चालून जातं. खरी अडचण तिथेही क्वचित येते. ती येते त्याच्यापुढे, म्हणजे वरच्या मोठ्या कंपनीकडून आम्ही किती बँडविड्थ विकत घेतो त्यात. महाग असते, मग लहान ऑपरेटर हात आखडता घेतो. रात्री आठ ते अकरा ती भरते. आता सगळं सांगून टाकलं.

ओळखायची खूण अशी: यूट्यूब मस्त चालतं, स्पीड टेस्टही मस्त येते, आणि ऑफिसचं काम मात्र रखडतं. कारण यूट्यूब, नेटफ्लिक्स वगैरेंचा साठा ऑपरेटरच्या नाहीतर वरच्या कंपनीच्या सर्व्हरवर आधीच आणून ठेवलेला असतो. स्पीड टेस्टचा सर्व्हरही बऱ्याचदा त्याच जाळ्यात बसलेला. तुमच्या ऑफिसचा सर्व्हर व्हर्जिनियात, त्यासाठी बाहेरचा रस्ता लागतो. म्हणून दोन ठिकाणी मोजा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते, आणि दुसऱ्या साइटवर सर्व्हर बदलून सिंगापूर, फ्रँकफुर्ट असा लांबचा निवडून बघा.

श्टुटगार्टचा आप्पा

फ्रँकफुर्टचं नाव निघालं म्हणून डोकावलो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा घरच्यांशी व्हिडिओ कॉल नको वाटायचा. भारतातून युरोपकडे येणाऱ्या बऱ्याच समुद्री केबल त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून येतात. अशा वेळी वाहतूक लांबच्या वळणाने फिरवतात. घरातला राउटर बदलून त्यावर काही उपाय नाही, वाट बघायची.

जर्मनीबद्दल भारतात गैरसमज आहे म्हणून सांगतो, इथे माझ्या इमारतीत अजून तांब्याची टेलिफोन तार आहे. नाशिकचं फायबर ऐकून मत्सर वाटतो. मात्र एक गोष्ट चांगली. डिसेंबर २०२१ पासूनचा कायदा असा की करारातला वेग मिळत नसेल तर बिल त्या प्रमाणात कमी करून मागता येतं, किंवा मुदतीआधी करार मोडता येतो. त्यासाठी सरकारी नियामकाचंच मोजणीचं सॉफ्टवेअर वापरायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या, आणि त्या वायर लावूनच. वायफायवरची मोजणी ग्राह्य नाही. तारतम्य म्हणतात तेच इथे कायद्यात लिहिलंय.

मस्कतकर

तीस मोजण्या! जर्मनांना दुसरे उद्योग नाहीत.

श्टुटगार्टचा आप्पा

रविवारी दुकानं बंद असतात ना.

गिरगावची ठमी

आपल्याकडे असं काही आहे का? म्हणजे तक्रार करायची सोय?

केबलवाल्याचा भाऊ

@ठमीताई, आहे. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्यायचा. तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, ती व्यवस्था ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांत आहे, फी लागत नाही. त्यानंतर केंद्राचं तक्रार पोर्टल. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, लोक उगाच तिथे लिहीत बसतात. बिल कमी वगैरे मात्र जर्मनीतच.

दादर पश्चिम

वायफायबद्दल कुणी बोलेल की नाही? धागाकर्तीचं वरच्या मजल्याचं दुखणं वेगळं आहे.

आमच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर फोन उघडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची चाळीसेक नेटवर्कं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. चाळीस जण तीन चॅनलवर. शिवाय ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्हही तिथेच गळतो. आमच्याकडे कुणी पॉपकॉर्न लावले की कॉल अडखळायचा, हे विनोदाने नाही सांगत. ५ गिगाहर्ट्झवर गेलो आणि शांतता लाभली. त्याचा पल्ला कमी, पण फ्लॅटमध्ये तोच फायदा ठरतो, शेजाऱ्याचा आवाजही भिंतीबाहेर राहतो.

दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. एकच नाव ठेवलं की काही फोन हट्टाने २.४ ला चिकटून बसतात.

रो-हाउसमध्ये गर्दीचा त्रास नसावा, तिथे स्लॅब आडवा येतो. सळ्या घातलेला स्लॅब, त्यावर लादी, वर कपाटाचं दार, समोर टीव्हीचा पत्रा. वरच्या खोलीत १०-१५ येतात हेच नवल.

कोकणी फणस

तुमच्या स्लॅबचं काय घेऊन बसलात, आमच्या घराला दीड फुटी जांभ्याच्या भिंती. वायफाय माजघरातून पडवीत येईपर्यंत दमतं.

गुहागर तालुक्यात आमची वाडी. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलीय, पुढे वाडीला खांबावरून एका स्थानिक ऑपरेटरने ओढली होती. तिच्यावर वानर झोका घेतात. एखादा नर लटकला की पाच घरं बंद. ऑपरेटर येणार, जोडून जाणार, वानर झाडावरून बघत बसणार. शेवटी कंटाळून मी फोरजीचा राउटर घेतला आणि छपरावर पाइपला अँटेना लावून टॉवरच्या दिशेने वळवली. उन्हाळ्यात ३०-४० मिळतात. पावसाळ्यात मधल्या पोफळींची पानं ओली झाली की निम्मे. अँटेना एक हात वर चढवली तेव्हा जरा सुधारलं.

वीज पडण्याबद्दल: फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, असं सांगून लोक निर्धास्त राहतात. ती अडॅप्टरमधून येते, लॅनच्या वायरीतून येते, खांबावरच्या फायबरला आधाराची तार असते तिच्यातून येते. मृगाच्या गडगडाटात अडॅप्टरचा प्लग काढायचा आणि लॅनची वायरही काढायची. माझ्या राउटरचा एक पोर्ट गेल्या वर्षी गेला, बाकीचे ठीक.

बंड्या सातारकर

@कोकणी फणस, वानराला डॉकेट नंबर द्या.

चक्रमादित्य

वरच्या मजल्यासाठी दीड-दोन हजाराचा रिपीटर घ्या, जिन्यात लावा, विषय संपला. माझ्याकडे आहे, मस्त चालतो. उगाच भिंती फोडायचे सल्ले देऊ नका.

तारतम्य

@चक्रमादित्य, चालतो हे खरं, कितपत चालतो ते मोजा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. कीर्तनाला पुरेल. कॉलला मात्र दरवेळी आणखी एक थांबा वाढतो.

मेश (घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे) घेतला तरी दोन डब्यांमधली जोडणी वायरची असेल तरच पूर्ण पैसे वसूल. आणि भिंत फोडायची गरज नाही. वर टीव्ही आहे म्हणजे पूर्वी तिथे डिशची केबल गेली असणार. ती आता वापरात नसेल तर तिच्या एका टोकाला कॅट-सिक्स प्रकारची लॅनची वायर टेपने घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून डिशची केबल ओढून घ्या. पाइपमध्ये फार वळणं नसली तर नवी वायर तिच्यामागे येते. वायर अस्सल तांब्याची घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते, ती घेऊ नका.

चक्रमादित्य

माझ्या रिपीटरवर मला ७० मिळतात. मला पुरतात. वाद नाही.

नानासाहेब ६२

सत्तर म्हणजे ५६ केच्या बाराशे पन्नास पट. नोंद असावी.

कोथरूडची पेशवीण

कॉल थिजण्याबद्दल लिहायचं राहिलं. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुष्कळ होतात. ९३ मध्ये असे वीस कॉल मावतील. म्हणजे कॉल अडतो तो वेग कमी म्हणून नाही. संध्याकाळी त्याच वेळी घरात काय चालू असतं ते बघा. आमच्याकडे लेक कॉलेजातून आला की त्याचा फोन वायफायला लागायचा आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढायला लागायचे. अपलोडची वाट भरली की राउटर पाकिटं रांगेत उभी करतो, आणि कॉलचं पाकीट त्या रांगेत शेवटी. स्पीड टेस्ट छान, कॉलचा सत्यानाश. याला बफरब्लोट म्हणतात.

तपासायची सोपी रीत: पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवा आणि दुसरीकडून मोठी फाइल अपलोड करा. २० मिलिसेकंदांचा पिंग ३००-४०० झाला तर हेच. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर चालू करा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या थोडी खाली ठेवा. नसेल तर फोनचा बॅकअप रात्री दोनला लावा.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रविवारी लेकीने आणि मी मोहीम काढली.

राउटरच्या तळाशी वाचलं, पोर्ट गिगाबिटचेच आहेत. लॅपटॉप जिन्याखालच्या डब्याला छोट्या वायरने लावला, १००० दिसले. तीच छोटी वायर लॅपटॉप आणि राउटरमध्ये लावली, तरी १०००. मग सीलिंगमधली वायर राउटरमधून काढून लॅपटॉपला लावली. १००!

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सीलिंगचा एक चौकोन उघडला आणि हसायलाच लागला. घर बांधताना ज्याने वायरिंग केलं त्याने एकाच वायरीतल्या चार तारा इंटरनेटला दिल्यात आणि उरलेल्या चारांतून गेटचा इंटरकॉम नेलाय. वायर वाचवली बिचाऱ्याने.

सध्या इंटरकॉम तोडून आठही तारा इंटरनेटला जोडल्यात. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर २८० च्या वर येतायत. प्लॅन वाढवणं रद्द. राउटर कपाटाबाहेर काढला, शोभेला थोडा बाध आलाय. कॉलचं पेशवीणबाई म्हणतात तसंच निघालं, फक्त फोटो नव्हते. कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर चढत होते. ते आता आतल्या कार्डावर साठवायला लावलेत, हालचाल दिसली तरच वर जातात.

वरच्या मजल्यासाठी डिशच्या पाइपचा प्रयोग पुढच्या आठवड्यात. दोन प्रश्न: वर वायर गेली की ती टीव्हीलाही थेट लावू का? आणि गेटवर कुरियरवाले बेल वाजवून परत जातायत, त्या इंटरकॉमचं काय करू?

तारतम्य

चार तारा इंटरनेटला, चार इंटरकॉमला, हे मी याआधी ऑफिसच्या इमारतीत बघितलंय. घरात पहिल्यांदाच.

टीव्हीला खुशाल लावा, पण एक गंमत लक्षात ठेवा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅनचा पोर्ट अजूनही १०० चाच असतो. त्यामुळे टीव्हीवर मोजलं तर पुन्हा ९३ दिसतील, धागा नव्याने काढू नका. फोर-केसाठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस सांगतं, तेव्हा कीर्तनाला काही कमी पडणार नाही. वरचा वायफायचा डबा त्याच वायरीवर लावायचा असेल तर आधी वायर डब्यात, मग डब्यातून टीव्हीला. उलट करता येत नाही.

चक्रमादित्य

२८०? अभिनंदन. तरी मी म्हणतो, कॅमेरे बंद केले असते तर नव्वदमध्येही भागलं असतं.

केबलवाल्याचा भाऊ

@गोदाकाठची, इंटरकॉमची नवी वायर ओढण्याआधी तो नेमका किती तारांवर चालतो ते मागचं झाकण काढून बघा. नुसत्या आवाजाचा असेल तर बहुतेक दोनच लागतात, साधी टेलिफोनची वायर पुरेल. पडदा असलेला असेल तर चार लागतील. आणि ती विजेच्या पाइपमधून नेऊ नका, गुणगुण येते. गेटच्या कॅमेऱ्याची वायर ज्या पाइपमधून गेलीय त्यात जागा असेल, तिथून काढा.